एक पैलू मागे

आमच्या गाडीचं पुढचं डावं बेरिंग (ज्यावर चाक फिरतं ते) मीच मारलं. म्हणजे मी आणि मामाने मिळून. त्याला एक रविवार, एक लांब पाइप आणि मामाचा चाळीस वर्षांचा अनुभव एवढंच सामान लागलं. आता सगळं झाल्यावर हसू येतं पण तेव्हा मी त्या घूं घूं आवाजाच्या मागे वेड्यासारखा फिरत होतो, म्हणून म्हटलं नीट लिहून काढू, कोणी घरी पुढच्या चाकाचा मोठा नट खोलायच्या बेतात असेल तर वाचेल.

सुरुवात बेरिंगपासून नव्हतीच. जूनमधे, पाऊस लागायच्या आधी, गाडी धुताना डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं दिसलं. एक्सलच्या (इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा) बाहेरच्या जॉइंटचं रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत ठेवणारं आवरण, फाटलं होतं. पावसाचं पाणी आणि चिखल आत गेला की जॉइंट संपला, वळताना कट कट करायला लागतो, त्यामुळे बूट लगेच बदलायला हवं होतं. मेकॅनिकने जी मजुरी सांगितली ती मामाला फोनवर सांगितली आणि तिथेच फसलो. मामा म्हणाला, "अरे बाबू, एवढ्याशा कामाला एवढे पैसे? रविवारी ये सुदामा नगरला, पोहे खाऊन सुरू करू, दुपारी जेवायला मोकळे."

मामाबद्दल सांगायला हवं. इथे इंदूरलाच राहतो, वीज मंडळातून रिटायर झालेला माणूस, आणि त्याच्याकडे अजून एक जुनी महिंद्राची जीप आहे, विलीसच्या वळणाची, जी तो स्वतःच खोलतो आणि स्वतःच बांधतो. त्या जीपच्या पुढच्या हबचं (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) काम मी लहानपणापासून बघतोय. आत दोन टेपर बेरिंगं असतात, मामा त्यांना कुठल्याही कंपनीची असली तरी "टिमकन"च म्हणतो, आणि बाहेरून दोन नट, मधे एक पत्र्याची वॉशर जिचा कान वाकवून नट लॉक करायचा. नियम एकच. आतला नट चाक फिरवत फिरवत घट्ट करत जायचा, चाक जड फिरायला लागलं की थांबायचं, आणि मग एक पैलू मागे. सहा पैलूंचा नट, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग. मग बाहेरचा नट लावून परत एकदा चाक हलवून बघायचं, कारण बाहेरचा नट कसला की आतला थोडा अजून दाबला जातो. हे मामाच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

आणि या नियमामागे गोष्ट आहे. 1987ची, मी तेव्हा कडेवर होतो. सगळं खटलं जीपमधे भरून ओंकारेश्वरला निघालं होतं. आदल्या दिवशी कुठल्याशा मिस्त्रीने पुढचे हब ग्रीस करून दिले होते आणि नट जीव खाऊन कसले होते. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात उजव्या चाकातून जळका वास आणि मग धूर. मामा सांगतो की हबवर पाणी टाकलं तर चर्र आवाज झाला, आजीने प्रसादाचा नारळ तिथेच फोडला आणि अर्धी मंडळी बसने पुढे गेली. तेव्हापासून मामाचं म्हणणं पक्कं: चाकाचा नट कसून सोडणारा माणूस खुनी आहे.

आता यात मामाचं काही चुकत नाही हे मी आधीच सांगतो. टेपर बेरिंगमधे आतला कोन आणि बाहेरचा कप दोन्ही उताराचे असतात, मधे तिरपे रोलर. नट जेवढा फिरवाल तेवढा कोन कपात घुसत जातो, त्याला अडवणारं काही नाही. ज्यांनी लहानपणी सायकलचं ओव्हरऑइलिंग करताना कोन कसलाय त्यांना लगेच कळेल, जास्त कसला की चाक जड, कमी कसला की लडबडतं, आणि मधे एक जागा असते तिथे थांबायचं. जीपचं तसंच. जास्त कसला की रोलर आणि कपाच्या मधली ग्रीसची पातळ थर पिळून निघते, धातूवर धातू, उष्णता, आणि गरम झालं की सगळं फुगून अजून घट्ट, म्हणून भेरूघाट. त्यामुळे तिथे अगदी किंचित प्ले (सैलपणा) ठेवायचा असतो, मिलिमीटरचे काही शतांश, हाताला जेमतेम जाणवेल इतका.

तर तो रविवार. पोहे, जिलेबी, मग काम. एक्सलचा नट हा साधा नट नसतो, त्याची कडा पातळ असते आणि ती छिन्नीने ठोकून शाफ्टच्या, म्हणजे एक्सलच्या टोकाच्या, खाचेत दाबलेली असते, म्हणजे नट आपोआप सुटत नाही. मामाने ती कडा बारीक छिन्नीने उचलली, लेकीला गाडीत बसवून ब्रेक दाबायला लावला, 32चं सॉकेट, त्याच्या दांड्याला तीन फुटी जीआय पाइप, मी त्यावर उभा. नट कडाड करून सुटला. पुढचं सगळं छान झालं, खालचा बॉल जॉइंट सुटला, एक्सल हबमधून बाहेर आला, नवीन बूट चढवलं, हात कोपरापर्यंत काळे.

मधे एक गोष्ट झाली जी तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. शेजारच्यांना त्यांची गाडी काढायची होती आणि आमची आडवी उभी. आम्ही काय केलं, बॉल जॉइंट तात्पुरता अडकवला, चाक लावलं, जॅक काढला आणि गाडी ढकलत वीस-पंचवीस फूट मागे नेली. एक्सल बाहेर, हबमधे काहीच नाही, नट नाही. गाडीचं सगळं वजन त्या बेरिंगवर, आणि बेरिंगला बांधून ठेवणारी वस्तू अंगणात वर्तमानपत्रावर पडलेली. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

मग जुळणी. नवीन नट आणायला पाहिजे होता, असा दाबायचा नट एकदाच वापरायचा असतो, पण रविवारी छोटी ग्वालटोली, म्हणजे पार्टचा बाजार, बंद, आणि मामाच्या हिशोबाने "नटला काय धाड भरलीये". जुनाच लावला. मामाने पाइप लावून कसला, चाक हाताने फिरवलं, मान डोलावली, आणि पाना उलटा करून... एक पैलू मागे. मी म्हटलं, "मामा, याला पण?" तर मामाने माझ्याकडे असं बघितलं की मी भेरूघाटात होतो की नाही. कडा खाचेसमोर येत नव्हती म्हणून नवीन जागी ठोकून दाबली. दुपारी दीडला आम्ही जेवायला बसलो, शब्द पाळला माणसाने.

साधारण सहाशे किलोमीटर काही नाही. मग एकदा देवासहून येताना बायको म्हणाली, हा विमानासारखा आवाज कसला? खरंच होता. 50च्या खाली जवळपास नाही, 60ला घूं, 80ला घूंऽऽ, आणि न्यूट्रलमधे टाकलं तरी तसाच, म्हणजे इंजिन नाही. मला वाटलं टायर. टायर मागचे पुढे पुढचे मागे केले, अलाइनमेंट केली, पैसे गेले, आवाज तिथेच. टायरचा असता तर जागा बदलल्यावर मागे गेला असता.

मग एका सकाळी सहाला सुपर कॉरिडॉरला गेलो, तिथे रस्ता रुंद आणि त्या वेळी रिकामा असतो. 70वर गाडी ठेवून हळूच उजवीकडे-डावीकडे लहरवली. स्टिअरिंग उजवीकडे दिलं की आवाज वाढायचा, डावीकडे दिलं की जवळजवळ गप्प. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं. म्हणजे डावं. डाव्या पुढच्या चाकाला दीड महिन्यापूर्वी कोणी हात लावला होता हे मला माहीत होतं.

घरी येऊन जॅक लावला. चाकाला वर आणि खाली धरून हलवलं तर टक, टक. अगदी थोडं, पण होतं. नंतर एक युक्ती केली जी मामानेच कधीतरी शिकवली होती, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. चांगलं बेरिंग असेल तर स्प्रिंग शांत. इथे बोटांना अशी खरखर लागत होती जशी पिठाच्या जात्याच्या खुंट्याला लागते. उजव्या बाजूला तेच केलं, काही नाही. कान फसतो, बोटं कमी फसतात.

नवलख्याकडे एक खरादवाला (लेथवाला) आहे ज्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे, नकल खोलून त्याच्याकडे नेला (नकल म्हणजे ज्यात बेरिंग बसतं तो लोखंडी भाग, इकडे सगळे नकलच म्हणतात). मामा बरोबर आला, तपासणी करायला. खरादवाल्याने हब दाबून काढला, बेरिंग बाहेर काढलं, आणि आतल्या रिंगचे दोन तुकडे हातात घेऊन कपड्याने पुसले नाहीत, तसेच आमच्यासमोर धरले. "बाबूजी, ये नट ढीला चला है."

मी विचारलं कसं कळलं. त्याने दाखवलं. या बेरिंगमधे गोळ्यांच्या दोन ओळी असतात आणि आतली रिंग एक नसून दोन अर्ध्या असतात, तोंडाला तोंड लावून बसणाऱ्या. ती जी तोंडं, जिथे दोन्ही अर्धी एकमेकींना टेकतात, तिथे धातू स्वच्छ हवा होता. आमच्याकडे तिथे तांबूस तपकिरी बारीक पूड होती, गेरूसारखी, आणि एक गोल घासल्याची चमक. म्हणजे दोन्ही अर्धी एकमेकींवर घासत होती, प्रत्येक फेऱ्याला केसभर सरकत होती. गोळ्यांच्या वाटेवर तर खवले निघाले होते, नखाने चाचपलं तर कळायचं. त्यातला एखादा डाग आमच्या ढकलगाडीचा पण असेल, ते वेगळं काढून सांगता येत नाही. पण पूड ही ढिल्या नटचीच.

तिथे स्टुलावर बसून चहा पिता पिता मला ते शेवटी डोक्यात बसलं. जीपमधे नट बेरिंगची *जागा* ठरवतो. इथे जागा कारखान्यातच ठरलेली आहे. दोन अर्ध्या रिंगांची तोंडं अशा मापाने घासलेली असतात की ती एकमेकींना घट्ट टेकली की गोळ्यांना जेवढा ताण हवा तेवढाच मिळतो. नटचं काम फक्त एवढंच की हब, दोन्ही अर्धी आणि एक्सलच्या जॉइंटचा खांदा यांना चिमट्यात धरून ठेवायचं, काही झालं तरी सुटू द्यायचं नाही. इथे "चाक जड होईल" ही भीती नाही कारण रिंगा एकमेकींना टेकल्या की पुढे जायला जागाच नाही. म्हणून इथे मागे फिरवणं म्हणजे चिमटा सोडणं.

आणि किती सोडला बघा. अशा नटची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकतो ते अंतर, साधारण दीड मिलिमीटर. एक पैलू म्हणजे त्याचा सहावा भाग, पाव मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण नट नीट कसल्यावर शाफ्ट जो ताणला जातो, ज्या ताणामुळे चिमटा टिकतो, तो ताण याहून बराच कमी असतो. म्हणजे मामाच्या एका पैलूने सगळा दाब गेला, शून्य. नट फक्त ठोकलेल्या कडेच्या भरवशावर तिथे होता.

मामा हे सगळं ऐकत होता, काही बोलला नाही. फक्त रिंगचा तुकडा घेऊन उन्हात नेऊन बघितला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मग याला कसायचं किती?" हा प्रश्न मामाने कोणाला तरी विचारला हे मी पहिल्यांदाच बघितलं.

किती हे गाडीच्या मॅन्युअलमधे असतं. छोट्या गाड्यांत साधारण 150 ते 250 न्यूटन मीटरच्या (टॉर्कचं, म्हणजे फिरवायच्या जोराचं माप) मधे, आमच्या गाडीला 200. मॉडेल मुद्दाम सांगत नाहीये कारण मग कोणीतरी तोच आकडा दुसऱ्या गाडीला लावेल. 200 म्हणजे किती तर 70 किलोचा माणूस एक फुटी दांड्याच्या टोकावर उभा राहिला तर जवळपास तेवढं होतं. पेचांच्या, म्हणजे नट आणि शाफ्टच्या आट्यांच्या, घर्षणाचा ढोबळ हिशोब लावला तर तो नट आतल्या रिंगांना पाच टनांच्या आसपास दाबतो. पेचांना तेल लावलं असेल तर तेवढ्याच टॉर्कला दाब बराच वाढतो, म्हणून मॅन्युअल कोरडं म्हणत असेल तर कोरडंच.

जास्त कसलं तर चालेल का, हे मामाने लगेच विचारलं, कारण माणूस एका टोकावरून निघाला की दुसऱ्या टोकालाच जातो. नाही चालणार. रिंगा टेकल्यावरही फार ओढलं तर त्या थोड्या चेपल्या जातात, गोळ्यांवर ताण वाढतो, शाफ्टचे पेच ओढले जातात, आणि एकदा पेच ओढला गेला की पुढच्या वेळी कितीही कसा, धरत नाही. एअर गनवाले जे टरर्र करून सोडून देतात त्यात 150 लागला की 350 हे गनवाल्यालाही माहीत नसतं. सुरुवातीला गनने आणायला हरकत नाही, पण शेवटचा घास हाताने.

नवीन बेरिंग बसवणं मी उभं राहून बघितलं आणि तेही बघण्यासारखं आहे. नकलमधे दाबताना प्रेसचा जोर बाहेरच्या रिंगवर हवा, आणि हब आत दाबताना आतल्या रिंगला खालून टेकू हवा. उलटं केलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या वाटेवर खड्डे पाडतात, नवं बेरिंग दुकानातून निघून रस्त्यावर यायच्या आधीच गाणं म्हणायला लागतं. खरादवाल्याने जुन्या बेरिंगची बाहेरची रिंग थोडी घासून ठेवली होती, तीच नवीन दाबायला वापरली. जुनं बेरिंग काढताना त्याची एक अर्धी रिंग हबवर अडकून बसली होती, ती त्याने तेव्हाच ग्राइंडरने कापून काढली होती, हबला न लागता, हात अजिबात हलला नाही त्याचा.

मग सियागंजला जाऊन मी टॉर्क रेंच घेतला, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक वाजणारा पाना, अर्ध्या इंची, 28 ते 210चा. नवीन नट शंभराच्या आत मिळाला, ज्याच्यासाठी त्या रविवारी आम्ही थांबलो नव्हतो. यावेळी गाडी एक इंचही हलवली नाही. चाक हवेत, लेक ब्रेकवर, पूर्ण टॉर्क हवेतच, आणि मगच जॅक खाली. रेंच टक करून वाजला तेव्हा मामा म्हणाला, "बस्स, एवढंच?" त्याच्या पाइपने तो याच्या पुढे गेला असता. मग खाचेत कडा दाबली, नट आणि शाफ्टवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ मारली, नट सरकला तर रेघ तुटलेली दिसेल.

भेरूघाटापर्यंत गेलो आणि आलो, मामाची अट होती. घाट उतरून बाजूला थांबवली आणि त्याने दोन्ही चाकांच्या मधोमध हात लावून बघितला, डावं कोमट, उजवंही तेवढंच कोमट. आवाज नाही. येताना 80वर खिडक्या बंद करून डोळे मिटून बसला होता, मला वाटलं झोपला, तर म्हणाला, "मागचा टायर थोडा वाजतोय, तुझ्या त्या अदलाबदलीमुळे." ते खरं होतं.

पुढे हजार किलोमीटरनंतर रेघ बघितली, जागच्या जागी. टॉर्क रेंच मात्र मामाने "दोन दिवसांसाठी" नेला. परत आणायला गेलो तर तो जीपच्या हबपाशी बसला होता, रेंचला पाइप लावून, गंजलेला बाहेरचा नट *सोडवत*. मी ओरडलो की मामा, याने सोडवायचं नसतं, याची आतली सेटिंग बिघडते, तर म्हणाला, "कसतो त्याने सोडवायला काय होतं?" आतला नट त्याने अर्थातच जुन्या पद्धतीने लावला, एक पैलू मागे, आणि तिथे ते बरोबरच आहे. रेंच मी घरी आणला, आकडा सगळ्यात खाली उतरवला, आणि तो आता बेडरूमच्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. बायकोने विचारलं इथे का, तर सांगितलं मामा या खोलीत येत नाही.